बसला नंबर नाही

बेट केवढं होतं, शीला पोहनकर विचारते,
कुलरच्या टाकीत पाण्याचा पाइप धरून.
म्हटलं, हिंगण्यापासून कामठीपर्यंत धर.
रुंदी इथून सदरपर्यंत. मधे एक डोंगर,
बाकी चारी बाजूंनी पाणीच पाणी.
"मग तू फिरली कशी गं?"

लेकीची परिषद होती. तीन दिवस बंद खोलीत
ते लोक समुद्रातल्या शेवाळावर बोलत होते.
मी मोकळी.
स्कूटर भाड्यानं मिळायची, पण आरटीओतून
परदेशातलं परमिट काढायचं राहून गेलेलं.
दुकानातल्या पोरानं माझं लायसन
उलटंसुलटं करून पाहिलं, एमएच एकतीस,
आणि मान हलवून परत दिलं.
आधी लूना, मग कायनेटिक, आता अ‍ॅक्टिव्हा,
चाळीस वर्षं मानेवाड्याचे खड्डे चुकवले मी.
त्याला कोणत्या भाषेत सांगणार?

म्हणून बस.
बसला नंबर नाही. एकच आहे, नंबर कशाला?
सकाळी साडेआठ आणि दुपारी दोन.
बंदरावरून निघते, वरच्या गावी दम खाते,
आल्या वाटेनं परत.
तिकीट एक युरो ऐंशी.
मी मनात गुणाकार केला आणि गप्प बसले.
तेवढ्यात मोरभवनातून अर्ध्या तिकिटावर
रामटेकला जाऊन आले असते,
वर दोन प्लेट तर्री-पोहे.

ड्रायव्हरचं नाव पांदेलिस. त्याच्या सीटमागे
पाव, औषधाची पुडी, कोणाचा तरी दुरुस्त केलेला मिक्सर.
एका वळणावर खिडकीतून हात बाहेर आला,
नुसता हात, पिठानं पांढरा,
आणि बस थांबली.
त्यानं औषध दिलं. हातानं आत जाऊन लिंबं आणली.
घड्याळ कोणी पाहिलं नाही.
मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोनची बस चुकली.
वरच्या गावात एक कुलूपबंद चर्च, चार बकऱ्या,
सावली म्हणशील तर माझीच.
उन्हाचं मला काय! शेहेचाळीस डिग्रीत
तोंडाला दुपट्टा गुंडाळून बर्डी पालथी घालणारी बाई मी.
पण त्या उन्हात वारा होता, वाऱ्यात मीठ.
ओठांवरून जीभ फिरवली की कळायचं.
निघाले पायी.

तासाभरानं मागून एक पिकअप आली.
ओल्या जाळ्यांचा ढीग, आणि वास असा
की शीला, तू चालत गेली असतीस.
म्हाताऱ्यानं हातानंच विचारलं, कुठली?
मी त्याच्या बॉनेटवरच्या धुळीत भारत काढला,
खाली श्रीलंकेचा थेंब,
आणि बरोब्बर मधे बोट टेकवलं. नागपूर.

त्यानं आपलं जाड बोट माझ्या ठिपक्यावर ठेवलं
आणि समुद्र शोधायला निघाला.
उजवीकडे गेला, लांब पडलं.
डावीकडे. तेही लांब.
खाली गेला, जातच राहिला.
वर जाण्याआधी थांबला, माझ्याकडे पाहिलं,
घरचं माणूस कुठंतरी अडकून पडावं
तसा चेहरा करून.
शब्द एकही कळला नाही. प्रश्न कळला:
मग बाई, तुम्ही तिथून निघता कशा?

"मग काय सांगितलं तू?"
टाकी भरून पाणी अंगणात येऊन राहिलं होतं,
तिचं लक्ष नव्हतं.
काही नाही सांगितलं.
माझ्याकडे त्यांचा शब्दच एक होता, एफ्खारिस्तो,
तो बंदरावर उतरताना देऊन टाकला.

काल धंतोलीत, बँकेच्या बाहेर.
रात्री वावधान येऊन गेलेलं,
गाडीच्या सीटवर बोटभर धूळ.
पर्समधून रुमाल काढला, तो हातातच राहिला.
दुसऱ्या हाताच्या बोटानं आधी बंदर काढलं.
मग चढाचा रस्ता. वळण. खिडकी.
पार्किंगवाला बिनेकरांचा पोरगा धावत आला,
"काकू, पुसून देऊ काय?"
थांब, म्हटलं, थांब रे जरा,
बस येऊन राहिली.